नक्षीच्या आधी धार: लाकडावरचे कोरीवकाम शिकू पाहणाऱ्या मुलाला उत्तर

सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या, बारावीत शिकणाऱ्या एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विश्रामबागवाड्याचे सुरूचे, म्हणजे सुरूच्या झाडासारखे निमुळते, खांब पाहून त्याला लाकडावरचे पारंपरिक नक्षीकाम शिकावेसे वाटू लागले. घरात सुतारकाम करणारे कोणी नाही. शिकवणारा वर्ग सापडेना, म्हणून त्याने बारा पटाश्यांचा संच ऑनलाइन मागवला, सागाच्या फळीवर कमळ रेखाटले आणि तिसऱ्या पाकळीलाच फळी उभी चिरली. वडिलांचे म्हणणे असे की यात पोट भरणार नाही. हे काम नेमके कुठे शिकावे, आणि त्यासाठी पुढचे शिक्षण सोडावे का, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

मी गेली ३२ वर्षे पुण्यात हेच काम करतो. देव्हारे, पालख्या, दारांच्या चौकटी आणि जुन्या वाड्यांमधल्या मोडलेल्या नक्षीची दुरुस्ती हा माझा रोजचा व्यवसाय आहे, आणि तुझ्यासारखाच मीही सुताराच्या घरात जन्मलेलो नाही. तू माझ्या मुलाहून लहान आहेस, म्हणून एकेरीत लिहितो.

तुझा प्रश्न ‘कुठे शिकावे’ असा आहे, परंतु फळीची हकीकत वाचल्यावर मला त्यामागची अडचण वेगळी दिसते. फळी का चिरली हे तुला कळलेले नाही, आणि ते सांगू शकेल असे माणूस तुझ्याजवळ नाही. उद्या तुला एखादा वर्ग सापडला आणि तिथे पहिल्याच दिवशी कमळ कोरायला दिले, तरी ही अडचण तशीच राहील. नक्षीकामाची सुरुवात नक्षीपासून होत नाही. ती धारेपासून होते, मग लाकडाची शीर, म्हणजे तंतूंची दिशा, ओळखण्यापासून, मग साध्या सुतारकामापासून, आणि या सगळ्यांच्या जोडीने रेखाटनापासून. हा क्रम चुकला की हुशार मुलेही सहा महिन्यांत कंटाळून हत्यारे माळ्यावर टाकतात. असे मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचे वाईट वाटले आहे.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुला आठवड्यात किती तास मोकळे मिळतात, घरात एक भक्कम टेबल कायमचे अडवून ठेवता येईल का, तुझी कमाई घराला लवकर लागणार आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांप्रमाणे माझा सल्ला बदलेल. धार आणि शीर यांविषयी मी जे सांगतो आहे, ते मात्र कोणत्याही परिस्थितीत तसेच राहील.

प्रथम धार. संचात येणारी पटाशी कारखान्यात फक्त घासून आकाराला आणलेली असते. तिला काम करण्याजोगी धार लावलेली नसते, आणि ही गोष्ट खोक्यावर कुठेही लिहिलेली नसते. अशी पटाशी लाकूड कापत नाही, ती तंतू दाबते आणि ढकलते. मग आपण जोर वाढवतो, आणि वाढवलेला जोर सगळा फळी चिरण्यात जातो. तुझ्या बारा पटाश्यांपैकी चारच बाहेर काढ: एक १२ मिलिमीटरची सपाट, एक ६ मिलिमीटरची सपाट, एक उथळ गोल आणि एक खोल गोल. बाकीच्या वर्षभर बाजूला ठेवल्यास तुझे काहीही अडणार नाही.

सपाट पटाशीची पाठ आधी धारेच्या दगडावर घासून पूर्ण सपाट कर. ज्या बाजूला उतार आहे ती काळ्या मार्करने रंगव आणि मग दगडावर दोन-तीनदा फिरवून पाहा. शाई जिथे पुसली गेली तिथेच दगड लागतो आहे. शाई फक्त मागच्या कडेला पुसली जात असेल, तर तू कितीही वेळ घासलेस तरी धारेच्या टोकाला दगड लागलेलाच नाही. सागासारख्या लाकडाला साधारण २५ अंशांचा उतार ठेवावा. मऊ लाकडाला २० अंशही चालतो, पण तीच धार सागावर टिकत नाही. आधी जाड दगड, मग बारीक दगड, असे घासत गेले की पाठीच्या बाजूला बोटाला जाणवणारी एक बारीक खरखर येते. ती आली म्हणजे उताराची बाजू टोकापर्यंत घासली गेली. ती खरखर पाठ आणि उतार असे आलटून पालटून हलके घासून काढायची आणि शेवटी लाकडाच्या पट्टीवर चिकटवलेल्या चामड्याला पॉलिशची वडी लावून त्यावर पटाशी मागे ओढायची. चामड्यावर पुढे ढकलली तर चामडे कापले जाईल आणि धारही गोल होईल. गोल पटाशी दगडावर घासताना मनगट सावकाश वळवत न्यावे लागते, म्हणजे धारेचा प्रत्येक भाग सारखा घासला जातो. तिच्या आतल्या बाजूसाठी लाकडाच्या गोल काडीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून घ्यावा.

धार लागली की नाही, हे तपासण्याच्या दोन खुणा आहेत. पटाशी उजेडासमोर धरून टोकाकडे पाहा. टोकावर पांढरी रेघ चमकत असेल तर तिथे अजून उजेड परतवण्याइतका बोथट पृष्ठभाग शिल्लक आहे. खऱ्या धारेची कड डोळ्यांना दिसत नाही. दुसरी खूण अशी की पॅकिंगच्या खोक्याच्या पाइनचा तुकडा घ्यावा आणि त्याच्या आडव्या टोकावर, म्हणजे तंतू जिथे तुटलेले दिसतात तिथे, पातळ छिलका काढावा. पाइन इतके मऊ असते की बोथट पटाशीने ते चिरडते आणि भुसा होतो. धार चांगली असेल तर कापलेली जागा मेणासारखी चमकते, आणि धारेला एखादा बारीकसा खाचा पडलेला असेल तर त्या चमकत्या जागेवर एक फिकट रेघ उठते. मला माझ्या मिस्त्रींनी पहिले चार महिने धार लावण्याखेरीज काही करू दिले नव्हते. त्या वेळी मला तो अन्याय वाटे. आज कोणी नवा मुलगा माझ्याकडे आला तर मीही त्याला हेच काम देतो, फक्त कारण समजावून सांगतो, कारण मला ते कोणी सांगितले नव्हते आणि त्यामुळे माझे ते चार महिने निम्मे वाया गेले.

आता शीर. तुझी चिरलेली फळी टाकून दिली नसशील तर ती हातात घे. चीर जिथून गेली, त्या दोन पृष्ठभागांवर बोट फिरव. फळीच्या वरच्या बाजूला दिसणाऱ्या रेघा फसवू शकतात, पण चिरलेला पृष्ठभाग लाकडाचे तंतू खरोखर कोणत्या दिशेने धावतात ते जसेच्या तसे दाखवतो. तुझ्या बाबतीत बहुधा असे झाले असावे की पाकळीची कड मारताना तू रुंद पटाशी तंतूंच्या दिशेला समांतर ठेवून मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, जोरात ठोकलीस, आणि पटाशीने पाचरीचे काम केले. तंतूंना आडवे कापताना मोठा घाव चालतो. तंतूंच्या बरोबरीने जाताना मात्र घाव हलका हवा, पटाशी अरुंद हवी, आणि आधी रेघेच्या एक-दोन मिलिमीटर बाहेरून थोडे लाकूड काढून ठेवायला हवे, म्हणजे पाचर बसली तरी तिचा जोर बाहेरच्या, टाकून द्यायच्या भागाकडे निघून जातो.

हे नीट कळावे म्हणून कमळ बाजूला ठेव आणि एक गोल कोर. चार इंच व्यासाची साधी चकती, भोवतीची जमीन पाव इंच खाली गेलेली, एवढेच. फळीचे तंतू डावीकडून उजवीकडे जात आहेत असे समज. चकतीच्या वरच्या आणि खालच्या बिंदूंवर कड तंतूंना समांतर असते. डाव्या आणि उजव्या बिंदूंवर ती तंतूंना काटकोनात असते. कड तासताना नेहमी वरच्या किंवा खालच्या बिंदूपासून सुरुवात करून डाव्या किंवा उजव्या बिंदूकडे जायचे. या दिशेने गेल्यास एखादा तंतू सुटलाच तर तो चकतीच्या बाहेर पळतो. उलट दिशेने गेल्यास तोच तंतू चकतीच्या आत शिरतो आणि तुकडा उपटून नेतो. म्हणजे एका साध्या गोलात तुला चार वेळा दिशा बदलावी लागते. चकतीऐवजी वाटीसारखा खड्डा खोदायचा असेल, तर त्याच्या कडेला हाच नियम उलटा लागतो. कमळाच्या आठ पाकळ्यांत हे किती वेळा होईल ते तूच मोजून पाहा. असे वीस-पंचवीस गोल झाले की दिशा डोक्यात मोजावी लागत नाही. लाकूड खरखरू लागण्याआधीच हात थांबतो आणि पटाशी वळते.

माझी एक चूक इथे सांगतो. पेठेतल्या एका वाड्याच्या दुरुस्तीत मला खांबाच्या वरच्या हस्ताला, म्हणजे तुळईला आधार देणाऱ्या लाकडी तुकड्याला, लोंबणारे एक केळफूल नव्याने करायचे होते. नऊ दिवस काम चालले. बाहेरच्या पाकळ्यांची टोके किंचित वर उचललेली होती, आणि शेवटच्या पाकळीचे टोक साफ करताना मोगरीच्या एका हलक्या ठोक्याने ते तुटून पडले. मिस्त्रींनी तुकडा उचलून पाहिला आणि मला ओंडक्याचा उरलेला भाग आणायला सांगितले. चूक त्या ठोक्यात नव्हती. पहिल्या दिवशी ओंडका कापताना मी लाकूड वाचवण्यासाठी तो आडवा घेतला होता, त्यामुळे पाकळ्यांच्या टोकांना आधार देणारे तंतू आखूड पडले होते, आणि ते टोक कधी ना कधी तुटणारच होते. मिस्त्रींनी ते चिकटवू दिले नाही. मी नवा ओंडका घेतला, तंतू केळफुलाच्या लांबीच्या दिशेने धरले आणि काम पुन्हा पहिल्यापासून केले. आजही लाकडावर रेखाटन उतरवण्याआधी मी तंतूंच्या दिशेचा एक बाण फळीच्या मागे काढून ठेवतो.

सागावर सुरुवात केलीस यात तुझा दोष नाही, कारण आपल्याकडे चांगले लाकूड म्हणजे साग हेच सगळे सांगतात. सागवान टिकाऊ आहे, ते फारसे वाकत नाही, वाळवी त्याला सहसा लागत नाही, म्हणून वाड्यांमध्ये तेच वापरले गेले. परंतु त्यात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान तर आणखी कडक आणि ठिसूळ झालेले असते, आणि त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. लोहचुंबक फिरवून पाहिल्याशिवाय मी अशा तुळईला पटाशी लावत नाही. शिकण्यासाठी शिवण घे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये नाव घेऊन शिवण माग; ती हलकी, एकसारखी आणि कोरायला सोपी असते, आणि चूक झाली तर पैशांचे फार दुःख होत नाही. शिसव पुढे कधीतरी घे. चंदनाच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस, त्याच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आहेत.

तुझ्या प्रश्नात सुतारकामाचा उल्लेखच नाही. नक्षीकाम हे जवळजवळ नेहमी एखाद्या वस्तूचा भाग असते: दाराचा दिल्हा (चौकटीत बसवलेली फळी), देव्हाऱ्याची महिरप, खांबावरचा हस्त. ती वस्तू कशी जोडली जाते हे माहीत नसेल, तर नक्षी कितीही सुंदर असली तरी दोन पावसाळ्यांत फुटते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट. रुंद फळी त्याप्रमाणे आकसते आणि फुगते, तीही मुख्यतः तंतूंच्या आडव्या दिशेने. म्हणून जुन्या दारांत कोरलेला दिल्हा चौकटीच्या खाचेत नुसता बसवलेला असतो, चिकटवलेला नसतो. त्याला हलायला जागा ठेवलेली असते. एका घरच्या देव्हाऱ्यात कोणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने कोरीव दिल्हा चारही बाजूंनी सरसाने पक्का केला होता. मी तो दुरुस्तीला पाहिला तेव्हा गणपतीच्या सोंडेतून सरळ चीर गेलेली होती.

म्हणून तुझ्या ‘कुठे’ या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर सुतारकामाचेच आहे. शासकीय आयटीआयमध्ये कारपेंटर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो आणि त्याला आठवी उत्तीर्ण एवढी अट पुरते. औंधच्या आयटीआयमध्ये चौकशी कर. तिथे नक्षी शिकवत नाहीत, पण रंधा, करवत, गुण्या, कुसू आणि त्याचे भोक यांचा सांधा, लाकूड वाळवण्याची पद्धत, या गोष्टी हाताला बसतात. फक्त कोरीवकामच शिकायचे आणि घर सोडून राहायची तयारी असेल, तर कर्नाटकात कार्कळ येथे कॅनरा बँकेच्या न्यासाची सी. ई. कामत यांच्या नावाची कारागीर संस्था आहे. तिथे दगड, लाकूड आणि धातू यांतले पारंपरिक शिल्पकाम निवासी पद्धतीने शिकवतात. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकलेची पदवी आहे, आणि तिथून आलेल्या मुलांना आकाराची जाण फार चांगली असते. लाकडाची शीर आणि सांधे मात्र त्यांना बहुधा नंतर एखाद्या मिस्त्रीकडेच शिकावे लागतात. तुझ्या जागी मी असतो तर आधी आयटीआय आणि जोडीला मिस्त्री असा मार्ग घेतला असता. हे माझे मत आहे, आणि ज्याला मूर्तीच करायच्या आहेत त्याच्यासाठी ते चुकीचे ठरू शकते.

मिस्त्री शोधायचा कसा, याविषयी. पुण्यात नक्षीकाम करणारे कारागीर आहेत, पण पाटी लावून बसलेले फार थोडे. देव्हारे करणाऱ्या कारखान्यांत, पालख्या आणि रथ बांधणाऱ्यांकडे, वाड्यांच्या दुरुस्तीच्या कामांवर ते सापडतात. त्यांतले बरेच जण राजस्थान किंवा उत्तर प्रदेशातून आलेले आहेत, त्यामुळे हत्यारांची आणि कामाची निम्मी नावे तुला हिंदीत शिकावी लागतील. त्यांच्याकडे जाऊन ‘मला शिकवा’ म्हणू नकोस. त्यांचे काम नगावर चालते आणि शिकवण्यात गेलेला तास त्यांच्या मजुरीतून वजा होतो. ‘दर रविवारी येईन, हत्यारांना धार लावून देईन, पॉलिश पेपर मारीन’ असे सांग आणि ठरलेल्या वेळेला जा. तीन-चार महिने न चुकता गेलास तर माणूस आपणहून हातात फळी देतो. कोणी शिकवण्याचे पैसे मागितले तर त्यात गैर काही नाही. तू १८ वर्षांचा नाहीस, ही गोष्ट मात्र लक्षात ठेव. बाल व किशोरवयीन कामगार कायद्याने १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवायला बंदी आहे, त्यामुळे यंत्रे चालणाऱ्या कारखान्याचा मालक तुला घ्यायला कचरला तर तो बरोबरच वागतो आहे. पहिल्या भेटीला वडिलांना सोबत ने.

मिस्त्री सापडेपर्यंत रेखाटन कर, आणि त्यासाठी पुण्यासारखे गाव नाही. बरेच काही गेलेले आहे: शनिवारवाड्यातल्या इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या, बुधवारवाडा १८७९ मध्ये जळाला आणि त्याच वेळी विश्रामबागवाड्यालाही आगीची झळ लागली. तरीही दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला विश्रामबागवाडा आज रस्त्यावरून चालता चालता पाहता येतो. शनिवारवाड्याजवळचा नाना वाडा आहे, तुळशीबागेतल्या राममंदिराचा लाकडी सभामंडप आहे, राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारे आणि चौकटी आहेत, आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. मोबाइलने फोटो काढून समाधान मानू नकोस. वही घेऊन बस आणि एकच खांब चार वेळा काढ. सुरूचा खांब खाली कमळाच्या पाकळ्यांतून निघतो, फुगतो आणि वर निमुळता होत जातो. ती बाहेरची रेघ कुठे फुगायची थांबते आणि कुठे आत वळू लागते, हे हाताने काढल्याशिवाय कळत नाही. तिरपा उजेड असताना गेलास तर सावल्यांवरून खोलीही वाचता येते. दुपारी सगळे सपाट दिसते.

रेखाटनानंतर आणि लाकडाच्या आधी शाडू. आपल्या गावात शाडूची माती सहज मिळते, आणि ती लाकडासारखी परत न येणारी नाही. जास्त काढली गेली तर पुन्हा लावता येते. जे कोरायचे ते आधी शाडूत त्याच मापाचे करून पाहा, म्हणजे कोणता भाग वर आणि कोणता खाली हे लाकडावर ठरवत बसावे लागत नाही. शाडूचा आणखी एक उपयोग मला साच्यांच्या कामाने शिकवला. गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठींचे लाकडी साचे तू पाहिले असशील. त्यात नक्षी उलटी, खड्ड्याच्या रूपात कोरलेली असते, आणि दोन अर्ध्यांमधून दोऱ्यासाठी चर असतो. कोरताना ती बरोबर होते आहे का ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून कारागीर मधूनमधून खड्ड्यात मऊ माती दाबून छाप काढतात. मातीवर जे उठेल ते खरे. तुझे चकतीचे काम हाताला बसल्यावर असाच एक दोन इंचांचा फुलाचा साचा शिवणीत कर. वस्तू लहान आहे, चूक लपत नाही, आणि खड्ड्याच्या भिंती जराही आत कललेल्या असतील तर गाठ साच्यातून सुटणार नाही, त्यामुळे उताराची शिस्त आपोआप लागते.

तू फ्लॅटमध्ये राहतोस, म्हणून घरच्या सोयीविषयीही थोडे लिहितो. मोगरीचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. टेबलाच्या पायांखाली रबर किंवा जाड सतरंजी घाल, ठोकण्याचे काम दिवसा कर आणि संध्याकाळी फक्त हाताने ढकलून तासण्याचे काम ठेव. फळी शिकंज्याने टेबलाला पक्की बांधल्याशिवाय पटाशी उचलू नकोस. जुने कारागीर जमिनीवर बसून पायाच्या बोटांनी फळी धरतात, ते पाहून त्यांचे अनुकरण करू नकोस. त्यामागे लहानपणापासूनची सवय असते. दोन्ही हात पटाशीवर असावेत, एक ढकलणारा आणि दुसरा आवरणारा, आणि कोणताही हात धारेच्या पुढे नसावा. माझ्या डाव्या तळव्यावर अंगठ्याखाली जो व्रण आहे, तो फळी हाताने धरून कोरल्याचा आहे. साग आणि शिसव यांच्या भुशाने काही जणांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो, म्हणून पॉलिश पेपर मारताना मास्क लाव.

आता वडिलांचा आक्षेप. तो खोटा नाही. देव्हाऱ्यांच्या जाळ्या आणि एकसारखे दिल्हे आज सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, यंत्रावर कोरले जातात, आणि त्या कामात हाताने कोरणारा किमतीत टिकू शकत नाही. त्या यंत्राला काय जमत नाही, हेही पाहायला हवे. फिरणारे गोल टोक आतला कोपरा टोकदार काढू शकत नाही, तो गोलसर राहतो. सरळ वरून खाली येणाऱ्या यंत्राला पाकळीच्या खालून, आत शिरून लाकूड काढता येत नाही. आणि २०० वर्षांच्या चौकटीत एका कारागिराच्या हाताची जी ढब आहे, तिच्याशी जुळणारा तुकडा त्याला सुचत नाही. माझ्या कामाचा मोठा भाग आज याच तीन ठिकाणी आहे, आणि त्यात यंत्राने कोरून आलेले काम हाताने साफ करून जिवंत करण्याचे कामही आहे. दुरुस्तीची कामे सलग मिळत नाहीत. माझ्याकडे काही महिने रिकामे गेलेले आहेत, आणि त्या महिन्यांत मला साध्या सुतारकामाने सांभाळले आहे. सुतारकामावर मी इतका भर देतो त्याचे हेही एक कारण आहे.

शिक्षण सोडू नकोस. बारावी पूर्ण कर. त्यानंतर पदवी घ्यायची की आयटीआय, हे घरच्या गरजेवर ठरवा, पण काहीच न घेता कारखान्यात बसू नकोस. पीएम विश्वकर्मा योजनेचे नाव तुला कोणी सांगितले तर एवढे लक्षात ठेव: १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, हत्यारांसाठी १५,००० रुपयांची मदत आहे आणि प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये मिळतात, परंतु ती १८ वर्षे पूर्ण झालेल्या आणि आधीपासून हे काम करत असलेल्या कारागिरांसाठी आहे, त्यामुळे ती तुझ्या आजच्या उपयोगाची नाही. माझ्या अनुभवात, आठवड्याला आठ-दहा तास देणाऱ्या मुलाला धार आणि शीर समजायला सहा महिने लागतात, आणि लोकांकडून पैसे घेण्यालायक काम व्हायला दोन ते तीन वर्षे. वडिलांकडे आयुष्यभराची परवानगी मागू नकोस; अभ्यास सांभाळून एका वर्षाची मुदत माग आणि पहिल्या महिन्यात कोरलेली चकती आणि बाराव्या महिन्यात कोरलेली चकती त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेव. वडील सुतार नसले तरी दोन्हींमधला फरक त्यांना हाताने चाचपूनही कळेल.

संचातल्या पटाश्यांचे पोलाद धार धरत नसेल, म्हणजे नीट लावलेली धार शिवणीवरही पंधरा मिनिटांत जात असेल, तर नवा महागडा संच घेऊ नकोस. रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर जुन्या बाजारात जा. तिथे मोडक्या मुठींच्या जुन्या पटाश्या मिळतात आणि त्यांतल्या काहींचे पोलाद फार चांगले असते. मूठ मोडलेली चालते, बाहेरचा तांबूस गंजही चालतो. पटाशी उलटी करून पाठ पाहा. धारेजवळच्या पहिल्या इंचभर भागात गंजाने खड्डे पाडले असतील तर ती ठेवून दे, कारण पाठ आणि उतार जिथे भेटतात तिथेच धार असते, आणि पाठीतला प्रत्येक खड्डा धारेत खाचा होऊन बसतो. पाठ स्वच्छ असेल तर घे, घरी येऊन शिवणीच्याच तुकड्याची मूठ कर, आणि ती मूठ हेच तुझे पहिले सुतारकाम समज.